आमच्या टर्कीच्या कुंपणात रानटी नर उतरतोय. अंडी उबवू द्यावीत का?

ओसरीवाला | १४ एप्रिल

मंडळी, हा धागा कुठल्या विभागात टाकावा तेच कळेना. पशुपालनात सगळे गाई-म्हशींवर बोलतात आणि अमेरिका विभागात व्हिसावर. म्हणून इथे.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरच्या पश्चिमेला राहतो. तीन एकर जागा, मागे ओक आणि पाइनचं रान. चार वर्षांपासून बोर्बन रेड जातीचे टर्की पाळतोय. तांबूस अंग, पांढरी शेपटी, पांढरे पंख. सध्या चार माद्या आहेत. नर होता, पण शेजाऱ्यांच्या मुलाच्या अंगावर दोनदा धावून गेला, म्हणून २३ मार्चला एका ओळखीच्या शेतावर देऊन टाकला.

६ एप्रिलला सकाळी रानातून 'गबल गबल' ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी तो कुंपणाबाहेर पिसारा फुलवून येरझारा घालत होता. रानटी नर, काळपट, उन्हात तांब्यासारखा चमकणारा, छातीवर वीतभर दाढी. ११ तारखेला मी चहाचा कप घेऊन मागच्या दाराशी उभा असताना सहा फुटांच्या जाळीवरून तो सरळ आत उतरला. माद्या घाबरतील असं वाटलं होतं. एक तर चक्क खाली बसली. पुढचं सांगत नाही, धागा सगळे वाचतात.

तेव्हापासून रोज येतो. तासभर थांबतो, जाताना माझ्या गाडीच्या दारात दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबाला चोची मारतो आणि निघून जातो. एका मादीच्या पाठीवर त्याच्या पायातल्या नखाने दोन इंचांची चीर पडलीय.

एक मादी खुडूक व्हायच्या बेतात आहे, अंडी साठवतोय. प्रश्न असा की ही अंडी उबवू द्यावीत का? रानटी बापाची पिल्लं पाळता येतात का? त्यात काही गैर आहे का? बायको म्हणते ऑम्लेट करा आणि विषय संपवा.

---

चकली | १४ एप्रिल

बायकोचं ऐका. :)

टर्कीच्या एका अंड्यात किती जणांचं ऑम्लेट होतं?

---

सांगलीची पोल्ट्री | १४ एप्रिल

आधी त्या पाठीचं बघा, बाकीचं मागनं. जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि त्या मादीला बाकीच्यांपासनं लांब ठेवा. टर्की असो नाहीतर कोंबडी, रक्त दिसलं की बाकीच्या टोचून टोचून जीव घेतात. टर्की पाळणारे माद्यांच्या पाठीवर जाड कापडाचं खोगीर बांधतात, पंखांच्या मुळाशी अडकवायचं. जुन्या जीनच्या पँटचं पण होतंय.

दुसरं, त्याच जागेत कोंबड्या आहेत का तुमच्या? असल्या तर आजच वेगळ्या करा. कोंबडीच्या पोटातल्या जंताच्या अंड्यातनं हिस्टोमोनास नावाचा परजीवी टर्कीत जातो, त्याला तुमच्याकडं 'ब्लॅकहेड' म्हणतात. कोंबडीला फारसं काही होत नाही, टर्की मात्र पटापट मरतात. यकृत सडतं, विष्ठा गंधकासारखी पिवळी. गांडुळातनं पण पसरतं, त्यामुळं जुन्या कोंबडीखान्याच्या मातीवर टर्की सोडायच्या नाहीत. आणि आता रानातला रोज येऊन जेवून जातोय म्हटल्यावर तो काय आणतो आणि काय नेतो, दोन्ही बघायला पाहिजे. खाद्य छपराखाली ठेवा.

---

ओसरीवाला | १४ एप्रिल

धन्यवाद दादा. कोंबड्या नाहीत. खोगीर बायको शिवतेय (जुन्या पडद्याचं, फुलाफुलांचं). ऑम्लेटचा आग्रह मात्र कायम.

---

शंकासूर | १५ एप्रिल

बाकी ठीक, पण संकर होतोच कसा? रानटी आणि पाळीव वेगळ्या जाती ना? झालाच तर खेचरासारखी वांझ प्रजा. मग एवढी चर्चा कशाला?

---

रानजाई | १५ एप्रिल

शंकासूर, नाही. दोन्ही एकच प्रजाती, मेलिअॅग्रिस गॅलोपावो. पिल्लं पूर्ण प्रजननक्षम असतात, आणि म्हणूनच चर्चा. वांझ असती तर गोष्ट एका पिढीत मिटली असती.

थोडी मागची कथा सांगते, कारण ती गंमतशीर उलटसुलट आहे. रानटी टर्कीच्या सहा उपप्रजाती. ओसरीवाल्यांकडे येतो तो पूर्वेकडचा, सिल्व्हेस्ट्रिस. पाळीव टर्की मात्र दक्षिण मेक्सिकोतल्या उपप्रजातीतून आला. तिथल्या लोकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशांनी तो युरोपात नेला, इंग्रजांच्या शेतांवर तो वाढला, आणि सतराव्या शतकात वसाहतवाल्यांच्या जहाजातून तोच पक्षी परत अमेरिकेत आला. म्हणजे अटलांटिक दोनदा ओलांडून, शंभरेक वर्षांनी हा मेक्सिकन पाहुणा न्यू इंग्लंडच्या रानाच्या कडेला येऊन बसला. आणि रानातले दांडगे नर कुंपणावरून उतरायला लागले, अगदी तुमच्यासारखेच.

त्या संकरातून ऱ्होड आयलंडच्या बाजूला ब्राँझ आणि नॅरागँसेट या जाती तयार झाल्या. मोठी, काटक, चमकदार प्रजा. आज ज्यांना आपण 'वारसा जाती' म्हणून मिरवतो, त्यांच्या रक्तात हा रानटी नर आहेच. तुमच्या बोर्बन रेडमध्येही ब्राँझ आहे, म्हणजे त्याचेही लांबचे पाहुणे निघतील.

तेव्हा अंगणाच्या बाजूने पाहिलं तर बिघडत काही नाही. अडचण उलट दिशेने आहे, अंगणातून रानात. त्यावर रात्री लिहिते, आता लॅबमध्ये आहे.

---

शंकासूर | १५ एप्रिल

मान्य. पण नऊ-दहा किलोचा पक्षी सहा फुटांची जाळी ओलांडतो? आमच्या इथे थँक्सगिव्हिंगला जो टर्की मिळतो तो हयात असताना चालत तरी असेल का याचीच शंका येते.

---

ओसरीवाला | १५ एप्रिल

तो वेगळा, ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट. त्याची छाती इतकी अवाढव्य केलीय की नराला मादीवर नीट चढताच येत नाही. सगळा धंदा कृत्रिम रेतनावर चालतो. ओळखीच्या एकाने सुट्टीत ते काम केलंय. त्याबद्दल विचारलं की विषय बदलतो. रानटी नर सात ते अकरा किलोंचा, पण सगळं स्नायूच. रात्री उंच झाडावर झोपतो, सकाळी तिथूनच उतरतो.

---

आंबोळी | १५ एप्रिल

अवांतर होतंय, पण राहवत नाही. पोर्तुगीजमध्ये टर्कीला 'पेरू' म्हणतात, त्यांच्या मते तो पेरू देशातून आला. तुर्कांनी त्याला 'हिंदी' ठरवलं, डचांनी कालिकतवरून 'काल्कुन', इंग्रजांनी तुर्कस्तानचा. बिचाऱ्याला मेक्सिकोचं कोणीच म्हणालं नाही. माझी मडगावची मावशी नाताळात "पेरू कापला" म्हणायची तेव्हा मुंबईहून आलेले पाहुणे फोडींची वाट बघत बसायचे.

आणि हा पक्षी मुघल दरबारात पोचला तोही गोव्याहूनच. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्यातून आणलेल्या चिजांत टर्की होता. जहांगीरने आठवणींत लिहून ठेवलंय की त्याचं डोकं आणि मान घडोघडी रंग बदलते, कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी फिरोजी. उस्ताद मन्सूरचं म्हणून जे चित्र मानतात ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

---

ओसरीवाला | १५ एप्रिल

आंबोळी, हे शंभर टक्के खरं आहे! आज सकाळी त्याने मला पाहिलं आणि चोचीवर लोंबणारं ते मांसल शेपूट टुण्णकन आखडलं, लाल मान पांढरीफटक झाली. मी हललो नाही. अर्ध्या मिनिटात पुन्हा निळसर, मग लाल. बादशहाने नीट निरखलं होतं.

---

रानजाई | १५ एप्रिल, रात्री

हं, तर उलटी दिशा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रानटी टर्की बहुतेक संपलेच होते. जंगलं तोडून शेतं झाली आणि शिकारीला धरबंध नव्हता. तुमच्या मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा मूळ रानटी टर्की १८५१च्या सुमारास माउंट टॉमवर मारला गेला. मग राज्याराज्यांना वाटलं, सोपं आहे, फार्मवर वाढवू आणि सोडू. रानटी नर आणि पाळीव किंवा अर्धपाळीव माद्या, त्यांची अंडी, इन्क्युबेटर, पिल्लं मोठी झाली की ट्रकमधून रानात.

पेनसिल्व्हेनियात १९३०च्या दशकात तर हुबेहूब तुमचं अंगण केलं होतं. रानाच्या मध्ये कुंपण घालून आत पंख छाटलेल्या माद्या ठेवायच्या, रानटी नर आपणहून उडत येतो. येतोच. कारण एरवी नर ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. मादी कुंपणात अडकली आणि साद घालत राहिली की शेवटी तोच येतो. शिकारी हीच युक्ती वापरतात, मादीचा आवाज काढून झाडाला टेकून बसतात.

पिल्लं हजारोंनी झाली. आणि सोडली की मेली. थंडीत, कोल्ह्यांच्या तोंडी, घुबडांच्या पंजात. मिझुरीच्या ओझार्क डोंगरांत स्टार्कर लिओपोल्ड या अभ्यासकाने रानटी, पाळीव आणि संकरित असे तिन्ही पक्षी शेजारी शेजारी अभ्यासले. १९४४चा निबंध आहे, आजही वाचावा असा. रानटी पक्ष्याचा मेंदू पाळीवापेक्षा मोठा, पिट्युटरी आणि अॅड्रिनल ग्रंथी मोठ्या, संकरित मधोमध. संकरित माद्या हंगामाच्या आधीच अंड्यावर बसायच्या आणि थंडी-पावसात पिल्लं गमवायच्या. आईने धोक्याची हाक दिली की रानटी पिल्लं जागच्या जागी गोठतात, पाचोळा होतात. संकरितांचा तो धागाच सैल पडलेला. भीती शिकवण्याआधी रक्तात असावी लागते, असं त्याचं म्हणणं.

मॅसॅच्युसेट्समध्ये १९११ ते १९६७ या काळात पुन्हा पुन्हा प्रयत्न झाले, सगळे फसले. पेनसिल्व्हेनिया फार्मवरचे पक्षी १९८०च्या सुमारापर्यंत सोडत होती. खरं यश आलं ते पकडलेल्या अस्सल रानटी पक्ष्यांनी. बारुदाच्या नळकांड्यांनी उडणारं जाळं टर्कीसाठी पहिल्यांदा १९५१ मध्ये साउथ कॅरोलिनात वापरलं, आणि कळपच्या कळप पकडून हलवता यायला लागले. १९७२-७३ मध्ये न्यू यॉर्कहून फक्त ३७ पक्षी आणून बर्कशायरच्या डोंगरात सोडले. व्हरमाँटने त्याआधी ३१ आणले होते. मॅसॅच्युसेट्समध्ये आज तीस हजारांच्या वर आहेत. ओसरीवाले, तुमच्या गाडीला चोची मारणारा त्या ३७ जणांच्याच गोतावळ्यातला असायची दाट शक्यता आहे.

म्हणून माझं उत्तर: उबवा हवं तर, पण एकही पिल्लू रानात जाता कामा नये.

---

माळावरचा | १६ एप्रिल

रानजाई, फार छान. आमच्याकडे पुण्याभोवतीच्या माळरानांवर हीच कथा लांडग्यांची चाललीय. गावकुत्र्यांची संख्या वाढली, लांडगे थोडे उरले, जोडीदार मिळेना की कुत्र्याशी जुळतं. पुण्याजवळ फिकट, पिवळसर रंगाचे 'लांडगे' दिसले, त्यांच्या केसांवरून डीएनए तपासला आणि २०२३ मध्ये नक्की झालं की ते संकरित आहेत. भारतातला जनुकीय पुराव्यानिशी पहिलाच. मी त्यातला एक लांबून पाहिलाय. धनगरांचा कळप पुढे, हा मागे, आणि चालण्यात लांडग्याची ती सावध तिरकी चाल नव्हती. उघड्यावर बिनधास्त उभा होता.

कोंबड्यांचंही तेच. सह्याद्रीतला आपला करडा रानकोंबडा घ्या. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पायाच्या आणि कातडीच्या पिवळ्या रंगाचा जनुक या करड्याकडून आलाय असं २००८च्या संशोधनात निघालं. म्हणजे कधीतरी आपल्याच बाजूच्या कुठल्यातरी खुराड्यात हा पाहुणा उतरला असणार.

---

सांगलीची पोल्ट्री | १६ एप्रिल

आमच्या कोकणातल्या पाहुण्यांकडं अजून सांगतात, रानाच्या कडेच्या घरातली कोंबडी संध्याकाळी डालग्याखाली येईना झाली तर समजायचं. पण त्याची पिल्लं माणसाला हाती लागत नाहीत म्हणतात. पंख फुटले की गेली.

आणि ओसरीवाले, एक महत्त्वाचं राहिलं. नर कधी दिला म्हणालात, २३ मार्च? मग ही अंडी रानट्याचीच कशावरनं? टर्कीची मादी एकदा लागली की बीज आत साठवून ठेवते. कोंबडीचं दोन-तीन आठवडे चालतं, टर्कीचं दीड-दोन महिने. तुमचा जुना नर अजून बाप होऊ शकतोय.

---

ओसरीवाला | १६ एप्रिल

काय सांगता! म्हणजे मी गेले चार दिवस उगाच रानटी जावयाचं कौतुक करतोय?

---

चकली | १६ एप्रिल

पितृत्वाचा वाद पेटला. आता धागा शंभरी गाठणार.

---

रानजाई | १६ एप्रिल

पोल्ट्रीदादा बरोबर आहेत, माझ्या लक्षातच आलं नाही. सहसा शेवटच्या नराचं पारडं जड असतं, पण एकाच घरट्यात दोन्ही बापांची पिल्लं असू शकतात. डीएनएची गरज मात्र नाही. बोर्बनचा तांबडा रंग दोन्हीकडून यावा लागतो, एकाच बाजूने आला तर बहुतेक दबून राहतो. पिल्लू फिकट पिवळसर-तांबूस निघालं तर बाप तुमचा जुना नर. गडद, पाठीवर तपकिरी-काळे पट्टे असलेलं निघालं तर बाप रानातला. अंड्यातून बाहेर आल्यावर वाळलं की दिसेल.

---

ओसरीवाला | २३ एप्रिल

अपडेट: मादी काल बसली, अकरा अंड्यांवर. २८ दिवस, म्हणजे २० मे. बायकोने ऑम्लेटचा हट्ट सोडलाय, आता ती कॅलेंडरवर खुणा करतेय. पाठीची जखम भरली. रानटी महाशय अजून येतात, पण कुंपणावर जाळी टाकलीय, त्यामुळे बाहेरूनच मिरवतात. पलीकडचा शेजारी शिकारी आहे, वसंतातला हंगाम सुरू होतोय. तो कुंपणाशी उभा राहून म्हणाला, मी पहाटे चारला उठून चिखलात बसतो आणि हा तुझ्या ड्राइव्हवेवर नाचतो.

---

ओसरीवाला | २१ मे

झाली! अकरातली आठ. दोन अंडी वांझ, एक पिल्लू कवचातच गेलं.

पाच गडद पट्टेरी. तीन हळद घातलेल्या दुधाच्या रंगाची.

दोन्ही बाप. मी आणि बायको मांडी घालून गवतात बसून मोजत होतो, पुन्हा पुन्हा मोजलं. आईच्या पोटाखालून एकेक डोकं बाहेर येतंय, हे काळं, हे पिवळं, हे काळं. पोल्ट्रीदादा, तुम्हाला इथूनच नमस्कार.

---

सांगलीची पोल्ट्री | २१ मे

अभिनंदन! पहिला आठवडा ऊब आणि कोरडी जागा सांभाळा. टर्कीचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा अडाणी असतंय, खाद्य समोर असून उपाशी मरतं. बोटानं टकटक करून दाखवा. आणि चिकन स्टार्टर चालायचं नाही, प्रथिनं कमी पडतात, २८ टक्क्यांचं टर्की स्टार्टर घ्या.

---

जर्सीकर | २२ मे

मूकवाचक, पहिल्यांदाच लिहितोय. स्टेटन आयलंडला माझं ऑफिस होतं तेव्हाची गोष्ट. तिथे १९९९च्या सुमारास कोणीतरी घरचे नऊ टर्की एका सरकारी रुग्णालयाच्या मोठ्या आवारात सोडून दिले, असं सांगतात. बघता बघता शंभरांवर गेले. रस्त्यावर ट्रॅफिक अडवायचे, लोकांच्या पायऱ्यांवर घाण, पहाटे आरडाओरडा. न्यू यॉर्क राज्याच्या पर्यावरण खात्याचं म्हणणं की हे संकरित आहेत, म्हणून पकडून वरच्या जंगलांत सोडता येणार नाहीत, रानटी कळप बिघडतील. २०१३ मध्ये काही डझन पक्षी पकडून कत्तलीला पाठवले तेव्हा गदारोळ झाला. मग काहींना आश्रम म्हणा, पांजरपोळ म्हणा, तिथे जागा मिळाली.

आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्यांना पोळीचे तुकडे घालायचो. आता वाचून अपराधी वाटतंय.

प्रश्न: माझ्या घरामागच्या रानात एक राखाडी-पांढरी मादी रानटी कळपात दिसते. तीही संकरितच का?

---

रानजाई | २२ मे

तेवढ्यावरून नाही म्हणता येणार. अस्सल रानटी पक्ष्यांतही 'स्मोक' म्हणतात तो धुरकट रंग अधूनमधून निघतो, सहसा माद्यांमध्ये. अंगकाठी बघा. रानटी मादी सडपातळ, मान बारीक, गळ्याची झालर नावापुरती. आणि शेपटीच्या पिसांची टोकं. पूर्वेकडच्या रानटी टर्कीची ती तांबूस-तपकिरी असतात. पांढरी किंवा मलईच्या रंगाची असली तर पाळीव रक्ताचा संशय घ्यायचा, कारण मेक्सिकोच्या उपप्रजातीची टोकं फिकट. (पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या मेरियम टर्कीचीही फिकट असतात, पण तो जर्सीत येत नाही.)

---

ओसरीवाला | १९ जून

मंडळी, एक सांगायलाच हवं. पिल्लं महिन्याची झालीत. गडद पाचही जण दुसऱ्या आठवड्यात खोक्यावर उडाले, आता कोठीच्या आडव्या वाशावर झोपतात. फिकट तिघं अजून आईच्या पंखाखाली घुसायला बघतात, मावत नाहीत तरी.

काल दुपारी ससाणा गेला, लाल शेपटीचा. आईने एक बारीक घरघर काढली. पाचही काळे जिथे होते तिथे चपटे झाले, मान जमिनीला लावून. मी तिथेच उभा होतो, तरी मला दोन सापडले नाहीत. पिवळे तिघं चिवचिवत इकडेतिकडे पळत सुटले. एक माझ्या बुटावर येऊन बसला.

---

शंकासूर | १९ जून

आठ पिल्लं, एक ससाणा. पिवळी पिल्लं हिरव्या गवतात उठून दिसतात, गडद लपतात, मग तुम्हाला 'गोठली' असं वाटणारच. लगेच लिओपोल्ड सिद्ध झाला म्हणू नका.

---

ओसरीवाला | १९ जून

नाही म्हणत. पण बूट माझा होता.

---

रानजाई | २० जून

:) शंकासूर यांचा मुद्दा बरोबरच आहे. पण ओसरीवाले, आता जाळीचं छप्पर पूर्ण करा. आणि एका बाजूचा पंख छाटा, एकाच. दोन्ही छाटले तर तोल राहतो आणि उडता येतं.

---

ओसरीवाला | ६ जुलै

छाटले. प्रत्येकाच्या उजव्या पंखाची पहिली दहा पिसं. पायात प्लॅस्टिकच्या रिंगा घातल्या, काळ्यांना हिरव्या, पिवळ्यांना लाल. काळे धरताना माझ्या हातांची चाळण झाली. पिवळ्यांनी धरायच्या आधीच मांडीवर उडी मारली.

---

ओसरीवाला | २४ सप्टेंबर

वाईट बातमी.

परवा वाऱ्याने फांदी पडून जाळीचा कोपरा फाटला. सकाळी चार काळे आत, एक मादी कुंपणाबाहेर. मी दाणे घेऊन गेलो, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी ओढ्याच्या बाजूने रानटी माद्यांचा कळप आला. ती त्यांच्यामागे चालत गेली. पळत नाही, चालत. मी मागे गेलो तर सगळ्या उडून पाइनवर. तीही.

पंख छाटला होता ना? हो, जुलैत.

---

सांगलीची पोल्ट्री | २४ सप्टेंबर

वाढत्या पिल्लाचा पंख छाटून भागत नाही. पहिल्या चार-पाच महिन्यांत ती पिसं झडून नवी येत राहतात. दर तीन-चार आठवड्यांनी बघायला लागतंय. सांगायचं राहिलं, चूक माझी.

---

रानजाई | २५ सप्टेंबर

चूक कोणाचीच म्हणत नाही, पण राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवा. बऱ्याच राज्यांत पाळीव किंवा फार्मचे टर्की रानात सोडायला कायद्याने बंदी आहे. तुम्ही मुद्दाम सोडला नाही हे आधी सांगितलेलं बरं. उरलेल्या चौघांचे पंख आज तपासा.

---

शंकासूर | २५ सप्टेंबर

एक मादी तीस हजारांत. काय फरक पडतो?

---

रानजाई | २५ सप्टेंबर

एकीने फार नाही. बहुधा हिवाळाच काढणार नाही, आणि काढला तर तिची पिल्लं अशक्त निघतील, रानच गाळून टाकेल. पण दर गावात तीन-चार अंगणं आणि दर अंगणाची एखादी, असं दरवर्षी धरून बघा. माळावरच्यांना विचारा, लांडग्यांचंही एका कुत्र्याने बिघडत नाही.

---

ओसरीवाला | २६ सप्टेंबर

फोन केला. बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. दिसली तर कळवा, रोज तिथे दाणे टाकू नका, नाहीतर सगळा रानटी कळपच तुमच्या दारात येऊन बसेल आणि रोगराई पसरेल, असं म्हणाल्या. रंगाबद्दल विचारलं. मी म्हटलं, गडद, थोडी तांबूस झाक, शेपटीची टोकं फिकट निघतायत असं वाटतं. आणि हिरवी रिंग.

बायको दोन दिवस मागच्या दाराशी चहा घेते, बोलत नाही.

---

चकली | २७ सप्टेंबर

नाव काय ठेवलं होतं हो तिचं?

---

ओसरीवाला | २७ सप्टेंबर

नावं ठेवायची नाहीत असं ठरलं होतं. बायको तिला बिजली म्हणायची.

---

ओसरीवाला | १५ नोव्हेंबर

आज सकाळी ऑफिसला जाताना आमच्या घरापासून मैलभरावर रस्त्यात कळप आडवा आला. तेरा माद्या, एकामागोमाग एक, आपल्याच तोऱ्यात. गाडी थांबवली. सातवी किंवा आठवी जरा भारदस्त वाटली. शेपटीचं टोक फिकट होतं का, तर होतं, पण ऊन तिरपं होतं आणि काच धुरकटलेली. रिंग बघायला खाली वाकलो तोवर ती पलीकडच्या गवतात शिरली. गवत गुडघाभर. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

---

सांगलीची पोल्ट्री | १५ नोव्हेंबर

रिंग कुठल्या पायात घातलेली?

---

ओसरीवाला | १५ नोव्हेंबर

डाव्या. मला दिसत होता तो उजवा.